इंजिनाची तेलगळती : घरच्या घरीं निदान व उपाय

विहिरीवरील इंजिन हें शेतकऱ्याच्या घरचें एक मुकें जनावरच होय. बैल आजारी पडला तर तो वैरण टाकतो आणि आपलें लक्ष तिकडे जातें. इंजिनाचें तसें नसतें. तें आजारी पडलें तरी कित्येक दिवस पूर्वीसारखेंच चालत राहतें, आणि त्याच्या दुखण्याची खूण म्हणून पायाच्या चौथऱ्यावर एक काळा डाग तेवढा पसरत जातो. हा डाग इतका नेहमींचा झाला आहे कीं, इंजिन म्हटलें म्हणजे तें गळायचेंच, असें म्हणून पुष्कळ शेतकरी त्याकडे काणाडोळा करितात. ज्यांस तसें करवत नाहीं ते हातीं पाना घेऊन दिसेल तो बोल्ट आवळूं लागतात. या दोन्ही वाटांनीं नुकसान होतें. आम्ही दोन्ही वाटांनीं जाऊन आलों आहों, आणि त्यांत जें शिकलों तें शेतकरी बंधूंच्या उपयोगासाठीं येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमची जमीन सातारा जिल्ह्यांत, खटाव तालुक्यांत, येरळा नदीपासून थोड्या अंतरावर आहे. विहिरीवर विजेची मोटार आहे; परंतु वीज ठराविक तास, आणि पुष्कळदां रात्रींच, मिळत असल्यानें वडिलांच्या वेळचें पांच अश्वशक्तीचें डिझेल इंजिन आम्हीं मोडींत काढलेलें नाहीं. तें जुन्या धाटणीचें आहे : एकच उभा सिलिंडर, दोन्ही बाजूंस जड चाकें, आणि मिनिटास ६५० फेरे. ही धाटणी इंग्लंडमधील लिस्टर कंपनीनें इ. स. १९३० च्या सुमारास बाजारांत आणिली, व पुढें तिच्याबरहुकूम इंजिनें राजकोटच्या कारखान्यांतून मोठ्या संख्येनें तयार झालीं. आपल्याकडे इ. स. १९४६ मध्यें पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि मिनिटास १५०० फेरे घेणारीं हलकीं इंजिनें गांवोगांव पोहोंचलीं. फेरे कमी असोत वा अधिक, तेल गळण्याचीं कारणें बहुतेक एकच आहेत. म्हणून पुढील मजकूर दोन्ही प्रकारांस लागू पडेल.

आमची चूक

दोन वर्षांपूर्वीं फाल्गुनांत गांवचें रोहित्र जळालें. त्या वेळीं आमचा वीस गुंठे कांदा पोसण्याच्या ऐन भरांत होता. पावसाळ्यापासून इंजिन झांकून ठेविलेलें होतें. तें पुसून, तेल पाहून चालू केलें, तों तासाभरांत चेंबरच्या बाजूच्या दरवाज्याखालून तेल ठिबकूं लागलें. आम्हीं इंजिन बंद केलें व लांब दांड्याचा पाना घेऊन दरवाज्याचे बोल्ट आवळले. तेल थांबलें नाहीं म्हणून आणखी आवळले. तेव्हां एका बोल्टाचे आटे झडले आणि तो जागच्या जागीं फिरूं लागला.

मग तालुक्याच्या गांवाहून एक मिस्त्री आणिला. त्यानें दरवाज्याचें पॅकिंग बदललें, इंजिन रिकामें दहा मिनिटें चालविलें, दरवाजा कोरडा दाखविला आणि मजुरी घेऊन तो गेला. पंपाचा पट्टा चढवून तासभर काम घेतलें, तों तेल डाव्या चाकाच्या आंतल्या बाजूनें येऊं लागलें व चाक तें भिंतीवर उडवूं लागलें. मिस्त्री पुन्हां आला. या खेपेस चार माणसें लावून चाक उतरविलें, सील बदललें, अर्धा दिवस मोडला. दुसऱ्या दिवशीं डिझेल-पंपाच्या बैठकीच्या कडेनें तेल पाझरूं लागलें. दोन खेपांचे मिळून ३,४०० रुपये गेले आणि गळती जशीच्या तशी राहिली; तिनें फक्त जागा बदलली होती.

नवव्या दिवशीं याहून वाईट प्रसंग आला. गळालेलें तेल भरून काढण्यास आम्ही घाईंत विसरलों, आणि दुपारीं इंजिनाच्या पोटांतून ठोके ऐकूं येऊं लागले. धांवत जाऊन तें बंद केलें. पट्टी काढून पाहिली, तों तेल खालच्या खुणेच्याही खालीं गेलेलें. आणखी थोडा वेळ तें तसेंच चाललें असतें तर बुश जळून क्रँक घासला असता, आणि तो खर्च आम्हांस त्या वर्षीं झेपला नसता. क्रँक वांचला; कांदा मात्र पुरता वांचला नाहीं. इंजिन उभें राहिलें त्या दिवसांत शेवटच्या चार वाफ्यांस पाणी मिळालें नाहीं, व तेथें नुसती गोलटी निघाली.

त्याच सुमारास आमच्या घरांतून सांगण्यांत आलें कीं, घागरींतल्या पाण्यावर मोराच्या पिसाऱ्यासारखे रंग दिसत आहेत. चौथऱ्यावरचें तेल उतारानें विहिरींत उतरत होतें. त्या विहिरीचें पाणी आमच्यासह तीन घरें पितात. शेजारचे तात्या वयानें आमच्याहून वडील, ते बांधावर येऊन एवढेंच म्हणाले, "भाऊसाहेब, पिकाचें काय, पुढल्या सालीं येईल, पाण्याचें तेवढें बघा." त्यानंतर विहिरीचें पाणी पूर्ववत् होईपर्यंत तिन्ही घरांस पिण्याचें पाणी लांबच्या हापशावरून आणावें लागलें, आणि शेजाऱ्यांपुढें आमची मान खालीं गेली.

निदान अखेर ज्या ठिकाणाहून आलें त्याची आम्हांस कल्पनाही नव्हती. रात्रीं जेवतांना आम्ही हीच रडकथा सांगत होतों कीं, एक जागा बंद केली म्हणजे तेल दुसरीकडून येतें. तेव्हां घरांतून विचारणा झाली, "अहो, कुकरच्या शिटीचें भोंक भातानें बुजलें म्हणजे वाफ कडेनें फसफसते, मग रबर कितीदां बदललें तरी काय उपयोग? तुमच्या इंजिनाला शिटी नाहीं का कोठें?"

शिटी होती. चेंबरच्या दरवाज्यावर हवा सोडण्याची एक लहानशी तोटी असते, तिला कारागीर ब्रीदर म्हणतात. दुसऱ्या दिवशीं ती खोलून पाहिली, तों कुंभारीण माशीनें आंत मातीचें घर बांधून ती पार लिंपून टाकली होती. इंजिन सात-आठ महिने बंद होतें, तेवढ्यांत हें बांधकाम झालेलें. माती काढली, तोटी धुतली, आंतील पत्र्याची चकती मोकळी केली. आणि त्याच दिवशीं चाकाकडची व डिझेल-पंपाकडची गळती थांबली. खर्च वाटीभर डिझेलचा. ज्या बोल्टाचे आटे आम्हीं स्वतःच्या हातानें झडविले होते तेवढ्याच ठिकाणीं ओलावा राहिला, आणि तेथें पुढें मोठे आटे पाडून घ्यावे लागले.

महसूल खात्यांत आमची उभी नोकरी गेली. पंचनामा करावयाचा तर जागेवर जाऊन जें दिसतें तें आधीं लिहावें आणि कारण सर्वांच्या शेवटीं लिहावें, हें आम्हीं कित्येक तलाठ्यांस सांगितलें असेल. स्वतःच्या इंजिनापुढें उभे राहतांच आम्ही तें विसरलों आणि रोग रेड्याला, औषध पखालीला, असा प्रकार करून बसलों. तेलगळतीच्या बाबतींत सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच कीं, तेल जेथें दिसतें तेथें दोष असतोच असें नाहीं. म्हणून पान्यास हात घालण्यापूर्वीं पंचनामा करावा.

इंजिनाचा श्वास

ब्रीदर बुजल्यानें एवढा अनर्थ कां व्हावा, हें समजून घेतलें म्हणजे पुढील परीक्षा आपोआप समजतील. पिस्टन खालीं येतो तेव्हां तो आपल्या खालची हवा चेंबरांत दाबतो. आमच्या धाटणीच्या इंजिनांत सिलिंडराचा व्यास साडेचार इंच व पिस्टनाची धांव साडेपांच इंच असते. हिशोब केला तर दर फेऱ्यास सुमारें १,४३० घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड लिटर हवा दाबली जाते. आणि हें मिनिटास ६५० वेळां घडतें. शिवाय पिस्टनाच्या रिंगांच्या फटींतून थोडा जळका धूरही खालीं उतरतो. या सर्वांस बाहेर पडण्याची वाट ब्रीदर ही होय.

ब्रीदरांत पातळ पत्र्याची एक चकती असते. पिस्टन खालीं येतांना ती उघडते व हवा बाहेर जाऊं देते. पिस्टन वर जातांना ती मिटते व हवा परत आंत येऊं देत नाहीं. त्यामुळें चेंबरांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां किंचित् कमी राहतो, आणि एखादा सांधा थोडा सैल असला तरी तेल बाहेर पडण्याऐवजीं आंत ओढलें जातें. चकती गंजली, वाकली, तेलाच्या चिकट्यानें बसून गेली किंवा तोटीच बुजली, कीं हा क्रम उलटतो. मग आंतील दाब दर फेऱ्यास तेलाला धक्का देतो आणि जेथें दुबळी जागा सांपडेल तेथून तें बाहेर काढतो. एक जागा बळकट केली तर तो दुसरी शोधतो. कित्येक नव्या इंजिनांत चकतीऐवजीं तारेची जाळी असते, आणि ब्रीदर दरवाज्यावर नसून टॅपेटच्या झाकणावर असतो. परंतु त्याचें काम तेंच. आपल्या इंजिनाचा ब्रीदर कोठें आहे हें प्रत्येकानें आजच पाहून ठेवावें.

निदानाच्या पायऱ्या

पहिली पायरी : गळतें तें काय आहे? बोटावर घेऊन पाहावें. वंगणाचें तेल काळपट व बुळबुळीत असतें. डिझेल पातळ असून त्याचा वास लपत नाहीं. तें गळत असेल तर दोष इंधनाच्या नळींत किंवा तिच्या सांध्यांत असतो, पॅकिंगांत नसतो. त्यानंतर तेल मोजण्याची पट्टी पाहावी. इंजिन बंद करून कांहीं मिनिटें थांबावें, म्हणजे वरचें तेल खालीं उतरतें. मग पट्टी पुसून, घालून, पुन्हां काढावी. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तेल जास्त भरलें आहे, आणि जास्तीचें तेल गळणारच. तें काढून टाकलें म्हणजे कित्येकदां गळतीही जाते. तेल भरलेलें नसतां पातळी वाढली असेल व तेल पातळ होऊन त्यास डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल चेंबरांत उतरत आहे. तेल दुधाळ दिसत असेल तर आंत पाणी शिरलें आहे. त्याची वाट बहुधा हेडच्या पॅकिंगमधून किंवा लायनरच्या रबरी कड्यांतून असते. या शेवटच्या दोन अवस्थांत इंजिन मुळींच चालवूं नये. अशा तेलांत वंगणाचा गुण राहत नाहीं व बुश लवकर जळतात.

दुसरी पायरी : धुणें. वर्षानुवर्षांच्या चिकट मळीवर ताजी गळती ओळखूं येत नाहीं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर ब्रश व डिझेल घेऊन तें वरून खालीं धुवावें. पूर्वीं यासाठीं रॉकेल वापरीत; आतां तें सहज मिळत नाहीं. खालीं पाटी ठेवून धुवण जमा करावें, मागाहून साबणाचें पाणी फिरवावें आणि कोरड्या फडक्यानें टिपून घ्यावें. हवा घेण्याच्या तोंडांत व ब्रीदरांत पाणी जाऊं देऊं नये. इंजिन गरम असतांना डिझेलनें धुणें म्हणजे आगीस निमंत्रण होय.

तिसरी पायरी : खडूची परीक्षा. इंजिन पुरतें वाळलें म्हणजे शाळेंतल्या खडूची बारीक भुकटी करून ती संशयाच्या सर्व सांध्यांवर भुरभुरावी : दरवाज्याची कड, डिझेल-पंपाची बैठक, टॅपेटचें झाकण, चाकाच्या आंतील बाजूचें सील, तेल सोडण्याचा नट. खालीं चौथऱ्यावर जुनें वर्तमानपत्र पसरावें. मग इंजिन प्रथम दहा मिनिटें रिकामें चालवावें व बंद करून पाहावें. नंतर पंपाचा पट्टा चढवून अर्धा तास चालवावें व पुन्हां बंद करून पाहावें. पांढऱ्या भुकटीवर तेलाची काळी रेघ स्पष्ट उमटते, आणि ती जेथून निघते तें मूळ होय. आमच्या मिस्त्रीनें केवळ रिकाम्या इंजिनाची परीक्षा घेतली व तो फसला. तेल तापून पातळ झाल्याखेरीज आणि इंजिनावर भार आल्याखेरीज पुष्कळशा गळती प्रकट होत नाहींत.

ही परीक्षा करतांना धोतराचा सोगा, उपरणें, सैल बाही, लुगड्याचा पदर यांपैकीं कांहींही चाकाजवळ नसावें, व मुलांस खोलीबाहेर ठेवावें. चालू इंजिनास हात लावून कांहींही पाहूं नये. पाहणें तें बंद केल्यावर, चाक पूर्ण थांबल्यावर.

चौथी पायरी : सर्वांत वरचा ओलावा शोधणें. तेल खालीं ओघळतें आणि बुडाशीं थेंब होऊन पडतें. म्हणून थेंब जेथें पडतो त्या जागेस दोष देऊं नये. थेंबापासून ओल्या रेघेनें वर वर जावें आणि जेथें ओलावा संपून कोरडा भाग लागतो तेथें थांबावें. भिंतीवर किंवा छपरावर चाकाच्या रेषेंत तेलाचे शिंतोडे एका ओळींत दिसले, तर तें तेल त्या चाकाकडच्या सिलाशेजारून येत आहे असें समजावें.

पांचवी पायरी : ब्रीदरची परीक्षा. ही सर्वांत सोपी, आणि आम्हीं सर्वांत शेवटीं केली. काडीच्या टोंकास पातळ कागदाची पट्टी बांधून ती चालू इंजिनाच्या ब्रीदरसमोर धरावी. आमच्या धाटणीच्या चकतीच्या ब्रीदरांत पट्टी दर फेऱ्यास बाहेर ढकलली जावी, परंतु आंत ओढली जाऊं नये. पट्टी हललीच नाहीं तर वाट बुजली आहे. बाहेर ढकलली जाते तशीच आंतही ओढली जात असेल, तर चकती नीट मिटत नाहीं. आणि सततचा दाट निळसर धूर जोरानें येत असेल तर दुखणें मोठें आहे : रिंगा किंवा लायनर झिजले असून पेटलेला वायू चेंबरांत उतरत आहे. त्या स्थितींत जगांतील कोणतेंही पॅकिंग तेल अडवूं शकत नाहीं.

एकाच वेळीं दोन-तीन ठिकाणांहून तेल येत असेल, किंवा एक जागा दुरुस्त केल्यावर दुसरी गळूं लागली असेल, तर प्रथम ब्रीदरच पाहावा, हा आमचा अनुभवाचा सांगावा आहे.

घरीं करण्याजोगे उपाय

ब्रीदर. तो खोलून डिझेलमध्यें भिजवावा, काडीनें आंतील मळी काढावी. चकती सपाट कांचेवर ठेवून पाहावी. ती डुलली तर वाकलेली आहे, व ती बदलावी. ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न करूं नये. जाळी असेल तर ती धुऊन, वाळवून बसवावी.

दरवाज्याचें पॅकिंग. जुनें पॅकिंग लांकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीनें खरडून काढावें. स्क्रूड्रायव्हरनें खरडल्यास बिडावर चरे पडतात आणि चऱ्यांतून नवी गळती सुरू होते. दरवाज्याच्या कडेवर पोलादी पट्टी उभी धरून उजेडांत पाहावें. फट दिसली तर दरवाजा वाकला आहे, व तो सपाट करून घेतल्याशिवाय पुढें जाऊं नये. पॅकिंगचा कागद दुकानांतून आणावा, वह्यांचे पुठ्ठे वापरूं नयेत. कागद दरवाज्यावर ठेवून तेलकट अंगठ्यानें कडेकडेनें दाबीत गेलें म्हणजे आकार उमटतो. त्यावरून कात्रीनें कापावें व भोकें पाडावीं. बाजारांत नळींतून मिळणारा चिकट मसाला लावावयाचा झाल्यास अगदीं पातळ लावावा. जाड लाविलेला मसाला आंतल्या बाजूस पिळून निघतो, त्याचे तुकडे तेलांत पडतात, आणि ज्या इंजिनांत तेलाचा पंप आहे तेथें ते त्याच्या गाळणींत जाऊन अडकतात. मग गळती थांबते, पण इंजिन उपाशी मरतें.

बोल्ट आवळणें. प्रथम सर्व बोल्ट बोटांनीं बसवावे. मग आखूड पान्यानें, समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. एक बोल्ट पुरता आवळून मग दुसऱ्याकडे गेल्यास दरवाजा वांकडा बसतो. पॅकिंग दाबलें गेलें कीं थांबावें. लांब दांड्याचा पाना म्हणजे आटे झडविण्याचें हत्यार होय, हें आम्ही पैसे मोजून शिकलों आहों.

तेल सोडण्याचा नट. येथें बहुधा तांब्याचा वायसर असतो. तो दाबून दाबून कठीण होतो व मग बसत नाहीं. नवा मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास जुना विस्तवांत लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत टाकावा, म्हणजे तो पुन्हां मऊ होतो. पोलादाच्या उलट तांब्याचा हा गुण आहे. मग वायसर घासून, पुसून बसवावा.

सील. सिलाचा ओठ झिजला असेल तर तें बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु त्यासाठीं चाक उतरवावें लागतें. जुन्या धाटणीच्या इंजिनाचें चाक दोन माणसांस आवरत नाहीं, व तें घसरलें तर पाय जातो. हें काम घरीं करूं नये. मिस्त्रीकडून करून घेतांना मात्र तीन गोष्टी उभे राहून पाहाव्या : सिलाचा ओठ तेलाच्या बाजूस आहे ना, बसविण्यापूर्वीं ओठास तेल लाविलें ना, आणि सील जेथें घासतें त्या दांड्यावर चर पडलेली नाहीं ना. चर असेल तर नवें सीलही थोड्याच दिवसांत गळूं लागतें.

रिंगा, लायनर, हेडचें पॅकिंग आणि चेंबरांत उतरणारें डिझेल, हींही कामें जाणत्या कारागिराचींच. परंतु वरील पंचनामा करून त्यास बोलाविलें, तर तो नेमक्या जागीं हात घालतो आणि आपला पैसा व दिवस दोन्ही वांचतात.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनींही हाच क्रम ठेवावा. तेथें वरच्या टॅपेट-झाकणाचें तेल इंजिनाच्या पाठीमागून ओघळत क्लचच्या घरापाशीं येऊन ठिबकतें, आणि मागचें सील गेलें असें समजून ट्रॅक्टर मधोमध खोलण्याचा घाट घातला जातो. आधीं झाकणाची कड पाहिली तर पुष्कळदां एका पॅकिंगावर काम भागतें.

थेंबांचा हिशोब

एक थेंब तो काय, असें वाटतें. म्हणून हिशोब मांडून दाखवितों. तेलाचे ढोबळ मानानें वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. दर सेकंदास एक थेंब गळत असेल तर तासास १८० मिलिलिटर, आणि दहा तासांच्या पाण्याच्या पाळीस १ लिटर ८०० मिलिलिटर तेल जातें. आमच्या इंजिनाच्या चेंबरांत साडेतीन लिटरांच्या आसपास तेल मावतें. म्हणजे एका दिवसांत निम्मे तेल गेलें. आम्हीं ऐकलेल्या ठोक्यांचें कारण दुसरें कांहीं नव्हतें. गळती दुरुस्त होईपर्यंत इंजिन चालविणें भागच असेल, तर दर दोन तासांनीं बंद करून पट्टी पाहावी व लागेल तेवढें भरावें. गळती याहून वेगाची असेल तर न चालविलेलें बरें.

गळालेल्या तेलाची व्यवस्था हाही याच हिशोबाचा भाग आहे. इंजिनाखालीं पत्र्याची पसरट पाटी ठेवावी आणि चौथऱ्याचा उतार विहिरीच्या उलट बाजूस करून घ्यावा. जळकें तेल ओढ्यांत, शेतांत किंवा उकिरड्यावर ओतूं नये, इ. स. २०१६ च्या नियमांनुसार तें धोकादायक कचऱ्यांत गणलें जातें. तें डब्यांत सांठवून, असें तेल घेण्याचा परवाना असलेल्यांकडेच द्यावें. जनावरांच्या अंगास तें लावण्याची चाल कोठें कोठें आहे, ती सोडावी. आपल्या हातांसही लागलें तर साबणानें धुवावें, कारण असें तेल वर्षानुवर्षें कातडीस लागत राहिल्यास कर्करोगाची भीति असते.

आतां आम्ही काय करितों

त्या फाल्गुनापासून इंजिनाच्या खोलींत आम्हीं एक वही टांगून ठेविली आहे. तींत तारीख, किती तास चाललें, किती तेल भरलें, एवढेंच लिहितों. एका पाळीस लागणारें तेल पूर्वींपेक्षां वाढलें कीं गळती डोळ्यांस दिसण्याच्या आधीं वही सांगते. हंगाम संपून इंजिन झांकतांना ब्रीदरच्या तोंडावर एक चिंधी बांधतों, म्हणजे कुंभारणीस घर करण्यास जागा राहत नाहीं. परंतु चिंधी काढण्यास विसरलों तर पुन्हां तोच रोग आपल्या हातानें ओढवून घेऊं. म्हणून चिंधीस दोरी लावून दोरीचें दुसरें टोंक इंजिन फिरविण्याच्या हँडलास बांधून ठेवितों. हँडल उचललें कीं चिंधी आठवतेच.

चौथऱ्याचा उतार फिरवून घेतला आहे. पाण्यावरचे रंग गेले, आणि तिन्ही घरें पुन्हां त्याच विहिरीचें पाणी पितात. मागच्या सालीं कांदा लावतांना तात्यांनीं आमच्या इंजिनाखालची पाटी वांकून पाहिली, ती कोरडी होती. ते कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं आपल्या इंजिनाचा ब्रीदर कोठें असतो तें विचारावयास आले. वाचकांनींही तेवढेंच करावें, एवढीच विनंती आहे.